सिएनाच्या संत कॅथरीनचे चरित्र कसे वाचावे आणि कसे मांडावे

गोव्यात मराठीतून लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या माणसावर ख्रिस्ती संतांविषयी काही सांगण्याची वेळ कधी ना कधी येतेच. वाचनालयाची व्याख्यानमाला असते, शाळेतले हस्तलिखित असते, दिवाळी अंकातला लेख असतो, किंवा जुन्या गोव्यात पाहुण्यांना हिंडवताना एखाद्या मूर्तीसमोर उभे राहून ‘ही कोण?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचे असते. संत फ्रान्सिस झेवियरविषयी सांगण्यासारखे आपल्याजवळ पुष्कळ असते. मध्ययुगातल्या स्त्रीसंतांची गोष्ट निघाली, की मात्र ‘ती कडक उपास करायची आणि तिला दृष्टांत व्हायचे’ एवढ्यावर आपण थांबतो. हा अन्याय आहे, आणि थोडे कष्ट घेतले तर तो टाळता येतो. त्यासाठी चरित्र वाचण्याची आणि मांडण्याची एक पद्धत येथे देत आहे आणि तिच्यासाठी सिएनाच्या संत कॅथरीनचे उदाहरण घेतले आहे.

तिचेच उदाहरण घेण्याचे कारण असे, की तिच्या बाबतीत दोन्ही बाजूंची साधने हाती आहेत. कापड रंगवणाऱ्या कारागिराची ही मुलगी शाळेची पायरी चढली नाही, तेहतीस वर्षे जगली, आणि तरीही तिची जवळजवळ ३८० पत्रे आज वाचायला मिळतात. शिवाय तिला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या, तिचे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने लिहिलेले तिचे सविस्तर चरित्रही आहे. स्वतःचा आवाज आणि जवळच्या साक्षीदाराची लेखणी असा योग मध्ययुगातल्या फार थोड्या स्त्रियांच्या वाट्याला आला आहे.

आधी कॅथरीन कोणती, ते ठरवावे

गोव्यात हा घोटाळा नेहमी होतो. जुन्या गोव्यातले सांता कातारीनाचे कपेल आणि से कॅथेड्रल या दोन्ही वास्तू अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनच्या नावाने आहेत. आफोन्सो द आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी शहर जिंकले, तो दिवस तिच्या सणाचा होता, म्हणून तिचे नाव येथे एवढे रुजले. ती चौथ्या शतकातली हुतात्मा राजकन्या मानली जाते. तिच्या हाती तलवार असते, डोक्यावर मुकुट असतो आणि पायाशी किंवा बाजूला मोडलेले चाक असते. से कॅथेड्रलच्या मुख्य वेदीवरच्या कोरीव फलकांतले प्रसंग तिच्याच आयुष्यातले आहेत. सिएनाची कॅथरीन तिच्यानंतर सुमारे हजार वर्षांनी जन्मली.

सिएनाची कॅथरीन ओळखायची तर पांढरा पायघोळ झगा, वर काळी शाल, डोक्यावर काट्यांचा मुकुट, हाती लिलीचे फूल, क्रूस, पुस्तक किंवा हृदय ही चिन्हे शोधावीत. तळहातांवर क्रुसावरच्या ख्रिस्तासारखे घाव दिसले तर ओळख बळकट होते. पण ते नसले म्हणून ती कॅथरीन नव्हेच, असे म्हणू नये. ख्रिस्ताच्या घावांचा मान असिसीच्या संत फ्रान्सिसचाच आहे, असा फ्रान्सिस्कन संघाचा आग्रह होता, आणि पंधराव्या शतकात त्याच संघातून आलेल्या चौथ्या सिक्स्टस या पोपने कॅथरीनचे चित्र घावांसह काढण्यास बंदीही घातली होती. मूर्तीवरचा रंग हा पुरावा धरू नये, कारण आपल्याकडच्या लाकडी मूर्ती पुन्हा पुन्हा रंगवल्या जातात. डोक्यावर काट्यांऐवजी गुलाब असतील तर ती बहुधा लिमाची संत रोझ असते. तीही कॅथरीनसारखीच डोमिनिकन या ख्रिस्ती संघाशी जोडलेली होती, कॅथरीनला आदर्श मानणारी होती, आणि म्हणून दोघींचा वेष सारखा दिसतो. काळ्या वेषातल्या जोगिणीच्या कपाळावर एकच जखम असेल तर ती काशियाची संत रीता. हे भेद डोळ्यांत बसवायचे असतील, तर सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात एक सकाळ घालवावी आणि प्रत्येक मूर्तीच्या हातात काय आहे, एवढेच टिपून घ्यावे.

कालपट आधी, गोष्ट नंतर

चरित्र वाचायला घेण्यापूर्वी एका कागदावर मोजक्या तारखा लिहून ठेवाव्यात. जन्म १३४७, सिएनाच्या फोंतेब्रांदा भागात. वडील जाकोमो बेनिंकासा, आई लापा. लापाला पंचवीस मुले झाली आणि कॅथरीन त्यांतली जवळजवळ शेवटची. तिच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण तान्हेपणीच गेली. पुढच्याच वर्षी, १३४८ मध्ये, प्लेगच्या काळ्या साथीने सिएना ओस पाडले. सहाव्या वर्षी रस्त्याने जाताना सान दोमेनिको चर्चच्या माथ्यावर तिला ख्रिस्ताचे पहिले दर्शन झाले, असे चरित्र सांगते. सातव्या वर्षी तिने अविवाहित राहण्याचा निश्चय केला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास घरच्यांनी लग्नाचा तगादा लावला तेव्हा तिने केस कापून टाकले. पुढे ती डोमिनिकन संघाशी जोडलेल्या ‘मान्तेलाते’ या स्त्रियांच्या मंडळात गेली.

हा तपशील नीट लक्षात ठेवावा, कारण मराठीत तिला सरसकट ‘मठवासी जोगीण’ म्हटले जाते आणि ते चूक आहे. मान्तेलाते स्त्रिया, ज्यांत बहुतेक विधवा असत, आपापल्या घरी राहून व्रतस्थ जीवन जगत. कॅथरीन सुमारे तीन वर्षे बापाच्या घरातल्या एका खोलीत जवळपास मौनात राहिली आणि त्यानंतर बाहेर पडून रुग्णांची, कैद्यांची, गरिबांची सेवा करू लागली. मठाची भिंत तिच्याभोवती नव्हती म्हणूनच ती १३७४ मध्ये फ्लॉरेन्सला, १३७५ मध्ये पिसाला, १३७६ मध्ये फ्रान्समधल्या आव्हिन्याँला आणि अखेर १३७८ मध्ये रोमला जाऊ शकली. १६०६ मध्ये जुन्या गोव्यात सुरू झालेल्या सांता मोनिका मठातल्या बंदिस्त जोगिणींचे आयुष्य डोळ्यांसमोर ठेवून कॅथरीनची कल्पना केली, तर सारेच चित्र बिघडते.

मृत्यू २९ एप्रिल १३८० रोजी रोममध्ये. विसाव्या शतकात एका फ्रेंच अभ्यासकाने जन्मसालाविषयी शंका काढली होती, कारण तेहतीस हे ख्रिस्ताचेही वय मानले जाते आणि चरित्रकाराने आकडा जुळवून घेतला असावा, असे त्याला वाटले. बहुतेक अभ्यासक मात्र १३४७ हेच साल मानतात. अशी शंका व्याख्यानात सांगितली नाही तरी चालते, पण आपल्याला ठाऊक असावी.

पहिले वाचन पत्रांचे

बहुतेक जण चरित्रापासून सुरुवात करतात आणि पत्रे वेळ उरला तर चाळतात. हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. चरित्र आधी वाचले की मनात एक संत तयार होते, आणि मग पत्रांतली बाई आपल्याला दिसतच नाही. इंग्रजीत तिच्या सगळ्या पत्रांचे चार खंड आहेत. निवडक पत्रांची आणि ‘संवाद’ या तिच्या ग्रंथाची जुनी भाषांतरे इंटरनेटवर मोफत मिळतात. पणजीचे कृष्णदास शामा ग्रंथालय आणि पर्वरीचे झेवियर इतिहास संशोधन केंद्र या ठिकाणी आधी चौकशी करावी. पोर्तुगीज किंवा इटालियन वाचता येत असेल तर उत्तमच.

सुरुवात कोणत्या पत्राने करावी? पोपला लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत, पण मी आईला लिहिलेले पत्र सुचवीन. कॅथरीन सिएनाबाहेर आहे आणि लापा घरी तिच्यासाठी झुरते आहे. मुलगी लिहिते, त्याचा मथितार्थ असा: तुझे मुलगे पैसा मिळवायला दूर गेले तेव्हा तुला ते एवढे जड गेले नाही, आता शाश्वत जीवनासाठी मी दूर आहे, तर मी लवकर उत्तर धाडले नाही म्हणून तू विरघळून जाशील म्हणतेस. ज्या गोव्यात घरटी एक मुलगा आखातात नाहीतर बोटीवर असतो आणि आई फोनची वाट पाहत बसते, तेथे हे पत्र समजावून सांगावे लागत नाही. त्यात लाड नाहीत, थोडा कठोरपणा आहे, आणि आईच्या मनातले तिने अचूक ओळखले आहे. संत म्हणून तिच्याकडे पाहण्यापूर्वी मुलगी म्हणून तिला ऐकावे.

पत्रे वाचताना त्यांचा साचा ओळखून घ्यावा. आरंभी क्रुसावरच्या येशूचे आणि मारियेचे नाव, मग ‘मी कॅथरीन, येशू ख्रिस्ताच्या सेवकांची दासी, त्याच्या अमोल रक्तात तुम्हांला लिहिते’ असे शब्द, त्यानंतर ‘तुम्हांला अमुक झालेले पाहावे या इच्छेने’ असे एक वाक्य, आणि शेवटी ‘गोड येशू, प्रेमळ येशू’. यातले ‘पाहावे या इच्छेने’ हे वाक्य प्रत्येक पत्रात अधोरेखित करावे, कारण पत्राचा सारा विषय त्यातच असतो. राणीला, भाडोत्री सैन्याच्या इंग्रज सेनापतीला, तुरुंगातल्या कैद्यांना, वेश्येला, आपल्या शिष्यांना ती काय होताना पाहू इच्छिते, याची यादी केली की तिची माणसांविषयीची समज आपोआप उलगडत जाते. अकराव्या ग्रेगरी पोपला ती घरातल्या वडिलांना हाक मारावी तशी हाक मारते आणि पुढच्याच ओळीत मर्दासारखे वागायला सांगते.

‘संवाद’ हा ग्रंथ तिने १३७७-७८ च्या सुमारास सांगून लिहवून घेतला. त्यात आत्मा देवाकडे मागणी मांडतो आणि देव विस्ताराने उत्तर देतो. ख्रिस्त हा स्वर्ग आणि पृथ्वी यांना जोडणारा पूल आहे, ही त्यातली मुख्य प्रतिमा. हा ग्रंथ सलग वाचायचा हट्ट धरू नये. पत्रांत एखादी कल्पना भेटली, की तिचा पाठपुरावा करण्यासाठी त्यात जावे.

चरित्रकाराला साक्षीदार म्हणून वाचावे

कापुआचा रेमंड हा डोमिनिकन धर्मगुरू १३७४ पासून तिच्यासोबत होता. तिच्या निधनानंतर तो संघाचा सर्वोच्च प्रमुख झाला आणि १३८५ ते १३९५ या काळात, कामाच्या व्यापातून वेळ काढीत, त्याने लॅटिनमध्ये तिचे चरित्र लिहिले. तिला संतपद मिळावे, हा त्याचा उघड हेतू होता. त्यावरून ‘म्हणजे हे सारे भक्तीचे अतिरंजन’ असे म्हणून पुस्तक मिटून ठेवणारे भेटतात. त्यांनी एक गोष्ट पाहिलेली नसते. रेमंड प्रकरणाच्या शेवटी, ही हकीकत मला कोणी सांगितली, ते नोंदवतो. हे लापाने सांगितले, हे मैत्रीण अलेस्साने सांगितले, हे आधीच्या धर्मगुरूच्या वह्यांत होते, हे मी स्वतः पाहिले. लापा मुलीच्या मृत्यूनंतरही हयात होती, त्यामुळे बालपणाच्या गोष्टी आईच्या तोंडच्या आहेत, हे उघड दिसते.

तेव्हा आपली टिपणे काढताना वहीचे दोन रकाने करावेत. उजवीकडे घटना, डावीकडे ती कोण सांगते. सगळ्या मार्गदर्शनातला हा एकच नियम कोणी पाळला तरी माझे समाधान होईल. चमत्कार खरा की खोटा, हा निवाडा करण्याची जबाबदारी व्याख्यात्याची नसते. ‘रेमंड सांगतो की त्याने पाहिले’ आणि ‘रेमंड सांगतो की त्याला लापाने सांगितले’ यांतला फरक श्रोत्यांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी मात्र असते.

रेमंड स्वतःच्या शंकाही लपवीत नाही. ती सांगते ते देवाकडून की कल्पनेतून, असा विचार त्याच्या मनात चालू असताना समोर बोलणाऱ्या कॅथरीनचा चेहरा पालटून तेथे गव्हाळ दाढीचा एक पुरुषी चेहरा आपल्याकडे रोखून पाहू लागला, आणि मी घाबरून गेलो, असे तो लिहितो. हा उतारा जरूर वाचून दाखवावा. त्यात चमत्कार आहे, पण त्या चमत्काराच्या आधी एक संशयी, सावध माणूस आहे, आणि श्रोत्यांना तो लगेच ओळखीचा वाटतो.

आपल्याकडच्या संतचरित्रांची सवय असलेल्या वाचकाला येथे एक तुलना उपयोगी पडेल. महिपतींनी ‘भक्तविजय’ १७६२ मध्ये लिहिला. जनाबाई आणि त्यांच्यामध्ये चार शतकांचे अंतर होते. रेमंड तर कॅथरीनचे पापनिवेदन स्वतः समोर बसून ऐकत असे. या निकटतेमुळे त्याची माहिती भरवशाची होते, आणि त्याच निकटतेमुळे काही गोष्टी तो सांगत नाही.

न सांगितलेल्या गोष्टीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे एका तरुणाच्या शिरच्छेदाचा प्रसंग. कॅथरीनचे एक पत्र रेमंडलाच लिहिलेले आहे. सिएनाच्या राजवटीने मृत्युदंड दिलेल्या एका तरुणाला ती तुरुंगात भेटली. तो खवळलेला होता, तिच्यामुळे शांत झाला, आणि शेवटच्या क्षणी तू जवळ राहा, असे त्याने तिच्याकडून वचन घेतले. ती वधस्थानी त्याच्या आधी पोचली आणि तिने स्वतःची मान त्या ठोकळ्यावर टेकवून पाहिली. तो आला, तिला पाहून हसला, माझ्यावर क्रुसाची खूण कर म्हणाला. तिने त्याला खाली वाकवले, मान मोकळी केली, कोकराच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, रक्ताची आठवण दिली. त्याच्या ओठांवर ‘येशू’ आणि ‘कॅथरीन’ एवढे दोनच शब्द होते, आणि शिर तिच्या हातांत पडले. अंगावर उडालेले रक्त धुऊन टाकणे तिला सोसवेना.

या पत्रात तरुणाचे नाव नाही. पेरुजाचा निकोलो दी तोल्दो ही ओळख नंतरच्या परंपरेने दिली. आणि ज्याला हे पत्र लिहिले, त्या रेमंडने आपल्या एवढ्या मोठ्या चरित्रात हा प्रसंग घेतलेलाच नाही. का घेतला नाही, यावर मते मांडता येतील. राजकीय कैदी, तरुण पुरुष, रक्तमाखले हात, हे सारे संतपदाच्या अर्जात अडचणीचे होते, असे मला वाटते. पण हे आपले अनुमान आहे, असे स्पष्ट म्हणूनच सांगावे. पत्रे आधी वाचायची ती याचसाठी. केवळ चरित्र वाचणाऱ्याला कॅथरीनची ही सर्वांत जिवंत पाने भेटलीच नसती.

उपासाविषयी कसे बोलावे

हा भाग सर्वांत नाजूक आहे, म्हणून सावकाश घ्यावा. रेमंडच्या म्हणण्यानुसार किशोरवयातच तिने मांस सोडले, मग पाव सोडला. पुढे पाणी, कच्चा भाजीपाला चावून, चोथा थुंकून घेतलेला रस आणि ख्रिस्तप्रसाद एवढ्यावर ती राहू लागली. धर्मगुरूच्या आज्ञेवरून काही खाल्लेच, तर पोटात असह्य कळा येत आणि घशात काडी घालून ती ते उलटून टाकी. सिएनात लोक दोन्ही बाजूंनी बोलत होते. कोणी तिला देवाची म्हणत, कोणी ढोंगी म्हणत, कोणी सैतानाने झपाटलेली म्हणत.

आपल्याला उपास परका नाही. एकादशी आहे, श्रावणी सोमवार आहे, शेजारच्या ख्रिस्ती घरात ईस्टरआधीचे चाळीस दिवस आहेत. पण या सगळ्या उपासांना पंचांगाची सीमा असते. दुसऱ्या दिवशी पारणे असते. कॅथरीनच्या उपासाला पारणे नव्हते. म्हणून ‘आपल्या एकादशीसारखेच’ असे म्हणून तो सौम्य करू नये. दुसरीकडे, आजच्या वैद्यकीय परिभाषेत त्याला खाण्याचा विकार असे नाव देऊन मोकळे होण्याचा मोहही टाळावा. काही आधुनिक अभ्यासकांनी तसे सुचवले आहे. इतरांनी दाखवून दिले आहे, की अन्न शिजवणे, वाढणे आणि नाकारणे हाच ज्या काळात स्त्रीच्या हातातला अधिकार होता, त्या काळात उपासाचा आणि ख्रिस्तप्रसादाचा अर्थ वेगळा होता. दोन्ही मते सांगावीत. सहाशे वर्षांपूर्वीच्या देहाचे निदान आपण करू नये.

त्यापेक्षा तिचे स्वतःचे म्हणणे ठेवावे, कारण सुदैवाने ते आहे. फ्लॉरेन्सच्या एका धार्मिक व्यक्तीने तिच्या न खाण्यात सैतानाचा हात असावा, अशी भीती घातली, तेव्हा तिने नम्रपणे उत्तर दिले: मला इतरांसारखे जेवता यावे म्हणून मी देवाची प्रार्थना करते, रोज एकदा-दोनदा खाण्याचा प्रयत्न करते, तुम्हीही माझ्यासाठी प्रार्थना करा, पण निवाडा करण्याची घाई करू नका. या पत्रात उपासाची फुशारकी कोठेच नाही. न जेवणे ही तिची प्रतिज्ञा नव्हती. निदान उत्तरायुष्यात तरी ते तिच्या हाती उरले नव्हते.

इतरांना तिने जे शिकवले, ते तर याहून महत्त्वाचे. ‘संवादा’त देव सांगतो, की देहदंड हे साधन आहे, साध्य नव्हे, त्यालाच पाया मानणाऱ्याची वाढ खुंटते. दानिएल्ला नावाच्या, स्वतःवर अतोनात कठोर झालेल्या एका व्रतस्थ स्त्रीला ती विवेकाविषयी लिहिते: सर्वांची शरीरे सारखी नसतात, म्हणून आपले माप दुसऱ्याला लावू नये, आणि कमी तप करणाऱ्याला कमी लेखू नये. महाविद्यालयात किंवा शाळेत बोलताना हा उतारा गाळूच नये. समोर बसलेल्या मुलींपैकी एखादी जेवणाशी झगडत असू शकते, आणि अन्न टाकणे म्हणजे पावित्र्य, असा अर्थ घेऊन ती घरी जाता कामा नये. हे कॅथरीनच्या नावावर खपवणे हा तिच्यावरही अन्याय ठरेल.

आपल्या संतांशी तुलना

तुलना होणारच, आणि ती करावीही. मात्र साम्याच्या पुढे एक पाऊल टाकावे. लग्नाला नकार दिला तेव्हा घरच्यांनी तिची खोली काढून घेतली आणि स्वयंपाकघरातली कामे तिच्यावर टाकली. तेव्हा वडिलांना ख्रिस्त, आईला मारिया आणि भावांना प्रेषित समजून ती त्यांना वाढू लागली, आणि मनातल्या मनात एक खोली बांधून तीत राहू लागली, असे रेमंड सांगतो. मराठी वाचकाला येथे जनाबाईचे जाते आठवल्याशिवाय राहणार नाही. पण जनाबाईकडे विठ्ठल स्वतः येतो आणि दळू लागतो, तर कॅथरीन घरातल्या रागावलेल्या माणसांनाच देवाच्या ठिकाणी बसवते. एकीकडे देव कामात उतरतो, दुसरीकडे काम ज्यांच्यासाठी करायचे ती माणसे देवपदाला चढतात. असा फरक सांगितला की दोघी अधिक स्पष्ट दिसतात. नुसते ‘ही त्यांची जनाबाई’ म्हटले, तर दोघी पुसट होतात.

अडचणीची पाने

पोपची गादी आव्हिन्याँहून रोमला तिने परत आणली, असे वाक्य सर्रास लिहिले जाते. ते जरा आवरून लिहावे. परतण्याचा विचार अकराव्या ग्रेगरीच्या मनात आधीपासून होता, आणि स्वीडनच्या संत ब्रिजिटनेही त्यासाठी आव्हिन्याँच्या पोपांना टोचणी लावली होती. कॅथरीन जून १३७६ मध्ये आव्हिन्याँला पोचली, सप्टेंबरात पोप निघाला आणि १७ जानेवारी १३७७ रोजी रोममध्ये शिरला. डळमळणाऱ्या माणसाला तिने ठाम केले, एवढे नक्की म्हणता येते.

तिने धर्मयुद्धाचा पुरस्कार केला, हेही लपवू नये. पत्रांत ती राजांना आणि सेनापतींना आपापसांतली युद्धे थांबवून पूर्वेकडे मोहीम काढायला सांगते. क्रूस आणि तलवार एकत्र आल्यावर काय होते, हे गोव्याच्या भूमीने पाहिलेले आहे, त्यामुळे श्रोत्यांत कुजबुज होईल. होऊ द्यावी. चौदाव्या शतकातल्या इटलीत शांततेची कल्पनाही अशीच मांडली जाई, हे सांगावे आणि तिची वकिली करू नये.

१३७८ मध्ये दोन पोप झाले आणि चर्च दुभंगले, तेव्हा ती सहाव्या अर्बनच्या बाजूने उभी राहिली. पुढे संतपद मिळालेला व्हिन्सेंट फेरर हा डोमिनिकन दुसऱ्या बाजूला होता. ती फूट १४१७ पर्यंत मिटली नाही. म्हणजे आयुष्यभर ज्या ऐक्यासाठी ती झटली, ते मोडलेले पाहतच तिने डोळे मिटले. व्याख्यानाचा कळस आव्हिन्याँच्या यशावर न ठेवता रोममधल्या या अखेरच्या महिन्यांवर ठेवावा, असा माझा सल्ला आहे.

सन्मानांची यादी एका वाक्यात संपवावी: १४६१ मध्ये संतपद, १९३९ मध्ये इटलीची आश्रयदात्री, १९७० मध्ये चर्चची पंडिता, १९९९ मध्ये युरोपची आश्रयदात्री. त्याऐवजी वेळ द्यावा तो १५ फेब्रुवारी १३८० रोजी रेमंडला लिहिलेल्या पत्राला. रोज सकाळी मिस्सा झाल्यावर एक मेलेली बाई सेंट पीटरकडे चालत जाताना तुम्हांला दिसेल, असे ती स्वतःविषयी लिहिते. आणि त्याच पत्रात सांगते, की माझा ग्रंथ आणि माझे जे काही लिखाण सापडेल, ते तुम्ही आणि सोबतच्या तिघांनी ताब्यात घ्यावे आणि देवाच्या गौरवासाठी योग्य वाटेल ते करावे.

त्यांनी ते केले, म्हणून आज आपल्याला ती वाचता येते. पण नकला करताना त्यांनी पुष्कळ पत्रांतले खासगी निरोप, घरगुती चौकश्या, माणसांची नावे अनावश्यक समजून वगळली, आणि मूळ पत्रे फार थोडी उरली. तेव्हा एखाद्या पत्रात जिव्हाळ्याचा शब्द आढळला नाही, म्हणून ती रुक्ष होती, असा निष्कर्ष काढू नये. वहीच्या डाव्या रकान्यात, घटना सांगणाऱ्याच्या नावाखाली, नक्कल करणाऱ्याचीही नोंद करून ठेवावी.